रस्त्यावरची भाऊबंदकी

(नागरी प्रश्नांवरील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत होणाऱ्या तंट्याला आपल्या भाषेत ‘भाऊबंदकी’ असा अचूक शब्द आहे. हा तंटा परक्याशी होत नाही. एकाच घरात वाढलेले दोघे हातभर बांधासाठी न्यायालयाची पायरी चढतात, एकमेकांच्या दारातले लग्नकार्य टाळतात, आणि अखेरीस ज्या जमिनीसाठी भांडले तीच खटल्याच्या खर्चापायी विकून बसतात. शहरांतील सायकलमार्गांवर होणाऱ्या सार्वजनिक खर्चावरून सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात जो वाद आज दिसतो, तो याच प्रकारात मोडतो. ‘आमच्या कराचे पैसे रिकाम्या सायकलमार्गांवर का उधळता?’ असे एक पक्ष विचारतो. ‘रस्ता काय केवळ इंजिनवाल्यांच्या नावावर लिहून दिला आहे?’ असे दुसरा विचारतो. दोघांचेही घर एकच आहे, याचे विस्मरण मात्र दोघांनाही झालेले असते. पुण्याच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते. म्हणून आजच्या विवेचनाचा मुख्य आधार पुणे शहर हाच राहील.

बिल्ल्याचे दिवस

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात होते. प्राध्यापक, कारकून, कारखान्यातील कामगार, महाविद्यालयीन मुली, सारे सायकलवर असत. पेठापेठांत ताशी भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. दिव्याशिवाय रात्री सायकल हाकणाऱ्याला पोलीस अडवीत आणि डबलसीट बसणाऱ्यांना दंड होई. आज पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे, सायकलवर त्या काळी नगरपालिकेचा कर होता. तो भरला की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. ‘सायकलवाला कर भरत नाही’ असे आज सर्रास म्हटले जाते. स्थानिक संस्थेला कर भरून त्याची खूण सोबत वागवणारा सामान्य वाहनधारक सायकलस्वारही होता, हे त्या वेळी लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे काळ पालटला. १९७२ मध्ये लूना आली. त्याच सुमारास बजाजची चेतक आली. आकुर्डी, भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांनी शहराच्या सीमा रुंदावल्या. घर आणि काम यांतील अंतर पायडलच्या आवाक्याबाहेर गेले. ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर सायकल चालवली त्याने हप्त्यावर स्कूटर घेतली आणि त्याच्या मुलाने कर्ज काढून मोटार घेतली. यात दोष कोणाचाच नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ती कष्टाने साधलेली प्रगती होती. पण या चढत्या क्रमाचा एकत्रित परिणाम असा झाला, की मार्च २०१८ अखेर पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली, आणि तेव्हा शहराची लोकसंख्या सुमारे ३५ लाख धरली जात होती. माणसांपेक्षा वाहने अधिक! त्यांतील बहुसंख्य दुचाकी होत्या. म्हणजे ज्यांना आज आपण ‘वाहनवाले’ म्हणतो, ते बहुतांशी कालच्या सायकलस्वारांचेच मुलगे आणि मुली आहेत.

कोरलेला बांध

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या नूतनीकरणासाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर झाले. रस्त्याचे नियोजन करताना वाहने किती जातात हे न पाहता माणसे किती जातात हे पाहावे, आणि जागेची वाटणी त्या न्यायाने करावी, असे तत्त्व त्या धोरणात मांडलेले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात बीआरटी बससेवेचा देशातील पहिला प्रयोग सुरू झाला आणि त्या मार्गांच्या कडेने सायकलमार्गही बांधले गेले.

या सायकलमार्गांचे पुढे काय झाले, ते पुणेकर जाणतातच. मार्ग सुरू होतो तो एखाद्या चौकापाशी, आणि दुसऱ्या चौकापाशी पोहोचण्याआधीच संपतो. मध्ये विजेची पेटी येते, बसथांबा येतो, झाड येते. उंचवट्यावर चढायला उतार नसतो, आणि असलाच तर त्यावर कोणाची तरी दुचाकी लावलेली असते. बसवलेले ठोकळे वर्षभरात उखडतात. सकाळी फळांच्या गाड्या, सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि दिवसभर उभ्या मोटारी. शेतातला बांध शेजारी दरवर्षी नांगराच्या एकेका फाळाने कोरत जातो आणि दहा वर्षांनी बांधच उरत नाही, तसे या मार्गांचे झाले. सायकलस्वार त्यावर जात नाही, कारण जाता येत नाही. आणि तो जात नाही म्हणून मोटारचालक म्हणतो, ‘पाहा, मार्ग रिकामा! पैसा पाण्यात गेला.’

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत शहराचा सर्वंकष सायकल आराखडा संमत झाला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आणि तीनशे कोटींहून अधिक खर्च असे त्याचे स्वरूप होते. सभागृहात आणि सभागृहाबाहेर त्यावर टीका झाली. ‘आधीचे मार्ग कुठे गेले, ते सांगा,’ हा टीकाकारांचा प्रश्न होता आणि तो गैरलागू नव्हता. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या उत्साहात सुरू झाली. विद्यापीठाच्या आवारात आणि औंध परिसरात पिवळ्या, नारिंगी, हिरव्या सायकली दिसू लागल्या, आणि अवघ्या दोन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. काही मोडल्या, काही चोरीस गेल्या. गुंतवणूकदारांच्या पैशावर धावणाऱ्या कंपन्यांनीही आपला गाशा गुंडाळला. त्या सायकली चालवायच्या कुठे, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले गेले नव्हते.

कर कोणाचा आणि रस्ता कोणाचा?

मोटारचालकाचे आक्षेप हसण्यावारी नेऊन चालणार नाही. त्याचा पहिला आक्षेप कराचा आहे. ‘वाहन घेताना आम्ही कर भरतो, पेट्रोलवर कर भरतो, पथकर भरतो, मग आमच्या पैशातून सायकलवाल्याला फुकट मार्ग का?’

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. मोटार वाहन कर हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्य सरकारचा कर आहे. पेट्रोलवरील कर केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीत जातात. पथकर ज्या महामार्गावर वा पुलावर आकारला जातो, त्याच्या खर्चापोटी जातो. शहरातील गल्ल्या आणि रस्ते यांची देखभाल महापालिका करते, आणि तिच्या उत्पन्नाचे मोठे आधार म्हणजे मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि जीएसटीपोटी राज्याकडून येणारी रक्कम. मोटारचालकाच्या करातील काही भाग अनुदानाच्या रूपाने शहराकडे परततो हे खरे आहे. परंतु घराचा मिळकतकर सायकलस्वारही भरतो, भाड्याने राहत असेल तर घरभाड्यातून भरतो. सायकल विकत घेताना त्याने २०२५ पर्यंत १२ टक्के जीएसटी भरला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के भरतो. रस्ता त्याच्याही पैशाचा आहे.

हा आक्षेप आपल्याकडचाच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये मोटारींच्या करातून रस्ते बांधण्यासाठी एक स्वतंत्र निधी होता. त्या कराचे रस्त्यांशी असलेले थेट नाते १९३७ मध्ये संपुष्टात आले. त्याला आता जवळपास नव्वद वर्षे होत आली, तरी ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, तुम्ही नाही’ हे वाक्य तेथील मोटारचालक सायकलस्वारांना आजही ऐकवतात. कर भरल्याने रस्त्याचा सातबारा आपल्या नावे होतो, ही समजूत मोठी चिवट आहे.

शिवाय ‘फुकट’ या शब्दाचाही विचार केला पाहिजे. रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी राहणारी मोटार साधारण बारा चौरस मीटर सार्वजनिक जागा व्यापते. तेवढ्या जागेला भाडे द्यायचे म्हटले, तर मध्यवर्ती पुण्यात किती मोजावे लागेल? २०१८ मध्ये महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण आणले तेव्हा इतका विरोध झाला, की प्रायोगिक म्हणून केवळ पाच रस्त्यांपुरतीच त्याला मान्यता मिळाली. सायकलमार्गाचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. फुकटच्या पार्किंगचा खर्च कुठेच लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

दुसरा आक्षेप रिकामेपणाचा. याचे अर्धे उत्तर तुटक्या मार्गांत आहे. उरलेले अर्धे डोळ्यांच्या फसगतीत. मोटारी अडकून पडतात, म्हणून रस्ता भरलेला दिसतो. सायकली अडकत नाहीत, निघून जातात, म्हणून मार्ग मोकळा भासतो. वाहतूकशास्त्रातील एका बहुपरिचित तुलनेनुसार साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यावरून शहरी वाहतुकीत मोटारींतून तासाला सुमारे दोन हजार माणसे जाऊ शकतात, तर सायकलींवरून सुमारे चौदा हजार. म्हणजे खच्चून भरलेला रस्ता प्रत्यक्षात थोडीच माणसे वाहून नेत असतो.

तिसरा आक्षेप अरुंद रस्त्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सदाशिव पेठेतल्या किंवा कसब्यातल्या रस्त्यातून सायकलमार्ग काढायचा कुठून? त्याचे उत्तर पुढे येईल.

भांडण पैशाचे की जागेचे?

हे भांडण खरोखर पैशाचे आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बिहारचे उदाहरण त्यावर चांगला प्रकाश टाकते. तेथील राज्य सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा मुलींच्या माध्यमिक शाळेतील प्रवेशात सुमारे तीस टक्क्यांची वाढ झाल्याचे आढळले; आणि ही वाढ मुख्यतः अशा गावांत होती, जेथून शाळा दूर होती. गटागटाने सायकलवरून शाळेत जाणाऱ्या गणवेशातील मुली ही बिहारच्या रस्त्यांची नवी ओळख झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत ग्रामीण भागातील मुलींना सायकली दिल्या जातात.

या योजनांवर कोट्यवधी रुपये खर्च झाले. पण ‘सायकलींवर पैसा का उधळता?’ असे म्हणत कोणी मोटारचालक रस्त्यावर उतरला नाही, उलट सर्वांनी कौतुकच केले. कारण सायकल देताना कोणाच्या रस्त्याचा इंचही कमी झाला नव्हता. सायकलमार्गाचे तसे नाही. तेथे पैसा थोडा लागतो, पण कोणाच्या तरी सवयीची जागा सोडवून घ्यावी लागते. उड्डाणपुलावर शेकडो कोटी खर्च होतात तेव्हा सहसा कोणी हिशेब मागत नाही; काही कोटींच्या सायकलमार्गाचा हिशेब मात्र चौकाचौकांत मागितला जातो. तोंडी पैसा असतो आणि मनात जागा असते. भाऊबंदकीतही खटला कागदोपत्री विहिरीच्या खर्चाचा असतो. खरे दुखणे बांधाचे असते.

हॉलंडचा धडा

सायकलींचा देश म्हणून आज हॉलंडकडे, म्हणजेच नेदरलँड्सकडे बोट दाखवले जाते. ‘ते लोकच निराळे, त्यांच्या रक्तातच सायकल आहे,’ असे म्हणून आपण विषय संपवतो. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर समृद्धी आली तशी तेथेही मोटार आली. सायकलींचे प्रमाण झपाट्याने घटले, जुने सायकलमार्ग उखडले गेले, चौक वाहनतळ झाले. १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. लोकसंख्या तेव्हा अवघी एक कोटी तीस लाखांच्या आसपास. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर सायकल चालवताना मोटारीखाली गेली. १९७२ मध्ये त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातून एका चळवळीला नाव मिळाले: ‘बालहत्या थांबवा.’ आईबाप रस्त्यावर उतरले. स्वतः मोटारी बाळगणारे अनेक जण त्यांत होते. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने मोटारविरहित रविवार पाळले आणि मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळताना देशाने पाहिली.

पुढचा टप्पा आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्रीय निधीतून टिलबुर्ग आणि द हेग या शहरांत नमुन्याचा एकेक सायकलमार्ग बांधण्यात आला. हेगमधील दुकानदारांनी गिऱ्हाईक तुटेल म्हणून कडाडून विरोध केला. आपल्याकडे जी वाक्ये ऐकू येतात तीच तेथे बोलली गेली. मार्ग झाले, त्यांवर सायकलीही वाढल्या. परंतु शहराच्या एकूण सवयीत अपेक्षेइतका फरक पडला नाही. त्यातून निष्कर्ष असा निघाला, की सुटा मार्ग कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्ट या गावाने शहर, विभाग आणि वस्ती अशा तीन पातळ्यांवरचे सलग जाळे विणले आणि तेथपासून चित्र पालटू लागले.

अरुंद रस्त्यांचे उत्तरही त्यांनीच शोधून ठेवले आहे. ज्या रस्त्यावर वाहनांचा वेग मोठा, तेथे सायकलला वेगळा मार्ग. जेथे रस्ता अरुंद आणि वस्ती दाट, तेथे वेगळा मार्ग काढायचाच नाही. तेथे मोटारीचा वेग ताशी तीस किलोमीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणायचा आणि सर्वांनी मिळून चालायचे. आपल्या पेठांना हेच लागू पडते. तेथे कोट्यवधींचा मार्ग नको. रस्त्याला उंचवटे, चौकाला वळण आणि एकेरी वाहतुकीची शिस्त एवढे पुरे आहे.

नेदरलँड्समध्ये आज एकूण फेऱ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक सायकलने होतात. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे गेली असूनही २०२३ मध्ये रस्त्यांवरील मृत्यू ६८४ होते. मोटारी तेथून हद्दपार झालेल्या नाहीत, घरोघरी आहेत. पण मुलाला शाळेत सोडायला मोटार काढावी लागत नाही, आणि ती मोटार रस्त्यावर नसल्यामुळे ज्याला खरोखर मोटारीने जायचे आहे त्याचाही रस्ता मोकळा राहतो. सायकलमार्गाचा लाभ मोटारचालकाला होतो, हे तेथे अनुभवाने पटले. पटायला मात्र पंधरा-वीस वर्षे लागली.

चुकीच्या जागी घातलेला पैसा

याच्या उलट उदाहरणेही पाहिली पाहिजेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकलमार्ग झाला. संकुलाच्या आत तो ठीक होता; पण वांद्रे किंवा कुर्ला स्थानकापासून संकुलापर्यंत सायकलने सुरक्षित कसे यावे, याची सोय नव्हती. मार्ग वाहनतळ झाला. अखेर २०२५ मध्ये तो काढून मोटारींची मार्गिका वाढवण्याचे ठरले. आधी बांधण्यावर खर्च आणि मग काढण्यावर खर्च. पवई तलावाभोवती महापालिकेने सायकल आणि धावण्याचा मार्ग योजला. पाणथळ जागेतील ते बांधकाम बेकायदा असल्याचा निर्णय मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. तलावाकाठचा मार्ग विरंगुळ्यासाठी कितीही रम्य वाटला, तरी कामाला निघालेल्या सायकलस्वाराचा तो मार्ग नव्हे.

सत्ताबदलाबरोबर मार्ग बांधणे आणि उखडणे हाही एक रोग आहे. कॅनडातील टोरांटो शहरात जार्व्हिस रस्त्यावर २०१० मध्ये सायकलपट्टे आखले गेले आणि २०१२ मध्ये नव्या राजवटीत पुसले गेले. आखण्यापेक्षा पुसण्याचा खर्च अधिक आला. २०२४ मध्ये ओंटारियो प्रांताच्या सरकारने शहरातील तीन प्रमुख रस्त्यांवरील सायकलमार्ग काढण्याचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि सरकारने त्यावर अपिलाचा मार्ग धरला. वाद न्यायालयात गेला की भाऊबंदकीत जे होते तेच येथेही होते: दोघांचाही खिसा रिकामा होतो.

हजेरीपटावर नसलेला सायकलस्वार

या साऱ्या वादात एक व्यक्ती कुठेच दिसत नाही. सभेला हेल्मेट घालून, महागडी सायकल घेऊन येणारा हौशी सायकलपटू दिसतो. त्याच्याकडे पाहून मोटारचालक म्हणतो, ‘हा रविवारचा छंद, याच्यासाठी जनतेचा पैसा कशाला?’ सायकलपटूला हिणवण्याचे कारण नाही. तोही नागरिकच आहे. पण सायकल चालवणाऱ्यांचा तो प्रतिनिधी नव्हे.

२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य कामे करणाऱ्या सुमारे वीस कोटी लोकांच्या प्रवासाची माहिती घेतली गेली. त्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख लोक कामावर सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणारे त्याहून किंचित कमी, सुमारे अडीच कोटी होते. आणि मोटार, जीप, व्हॅन यांनी जाणारे अवघे ५४ लाखांच्या आसपास. म्हणजे मोटारीने कामावर जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे सायकलने जाणारे चार-पाच जण होते. पंधरा वर्षांत हे प्रमाण बदललेले असणार, पण हा माणूस नाहीसा झालेला नाही. पहाटे पाच वाजता वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून उपनगरात परतणारा पहारेकरी, बांधकामावर डबा लटकवून निघालेला गवंडी, महापालिकेच्या शाळेत जाणारी मुले, हे या देशातले खरे सायकलस्वार आहेत. ते हरकती-सूचना पाठवत नाहीत. त्यांना सभेला यायला सुट्टी मिळत नाही. सायकलमार्ग तुटला तेव्हा त्यांनी निवेदन दिले नाही; ते निमूटपणे मुख्य रस्त्याच्या कडेला, मालमोटारींच्या चाकांशेजारून जाऊ लागले.

त्याची किंमत काय, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार. जवळजवळ निम्मे मृत दुचाकीस्वार होते. पायी जाणारा, सायकलवर जाणारा आणि दुचाकीवर जाणारा, या तिघांचा मिळून वाटा दोनतृतीयांशाच्या आसपास जातो. तिघेही लोखंडी कवचाविना रस्त्यावर आहेत. ज्या दुचाकीस्वाराला सायकलमार्गाचा राग येतो, तो संकटात सायकलस्वाराचाच सोबती आहे.

करावयाचे काय?

सर्वप्रथम, लांबीचा हट्ट सोडला पाहिजे. आठशे किलोमीटरचा आराखडा कागदावर असण्यापेक्षा आठ किलोमीटरचा मार्ग चौकांसह सलग असणे अधिक मोलाचे. तो कुठे असावा? जेथे आजही सायकली आहेत तेथे: औद्योगिक वसाहतींच्या वाटेवर, शाळांच्या एक-दोन किलोमीटर परिघात, बस आणि मेट्रो स्थानकांच्या दिशेने. पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. स्थानकापर्यंत सायकलने जाता आले आणि तेथे ती सुरक्षित ठेवता आली, तर दुचाकी घरी ठेवण्याचा विचार माणूस करील.

दुसरे, देखभालीचा पैसा बांधणीच्या पैशाबरोबरच बाजूला काढला पाहिजे आणि मार्गावर वाहन उभे करणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. ज्या मार्गाचे रक्षण करण्याची तयारी नाही, तो न बांधणे हीच काटकसर. मोटारचालकाने हा आग्रह धरला, तर तो सायकलस्वाराचा वैरी ठरणार नाही. उलट त्याच्या बाजूचाच ठरेल. ‘खर्च करू नका’ या मागणीपेक्षा ‘केलेला खर्च वाया जाऊ देऊ नका’ ही मागणी दोघांनाही एकत्र आणणारी आहे.

तिसरे, सायकलस्वारालाही शिस्त हवी. रात्री दिवा नाही, विरुद्ध दिशेने येणे, सिग्नल न पाळणे, याने सहानुभूती मिळत नाही. बिल्ल्याच्या काळात दिव्यावाचून सायकल रस्त्यावर काढण्याची छाती होत नसे. ती शिस्त परत आली, तर मोटारचालकाच्या तक्रारीचा निम्मा आधार निघून जाईल.

आणि शेवटचे, जे आपल्यासारख्यांना करता येण्याजोगे आहे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. आपल्या प्रभागातील लहान कामे नागरिक क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज करून सुचवू शकतात. एका वस्तीतील दहा-पंधरा घरांनी मिळून एवढेच करावे: आपल्या नजीकच्या चौकात एका कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ उभे राहावे आणि सायकली मोजाव्यात. कोण जाते, कुठून येते, कोणत्या ठिकाणी उतरून चालावे लागते, हे लिहून घ्यावे. मग घरी येऊन आपापल्या मुलांना विचारावे, की शाळेत सायकलने जायचे तर कोणत्या चौकाची भीती वाटते. ज्या घरात मोटार आहे त्या घराने हे अवश्य विचारावे. त्या दोन कागदांवर जी ठिकाणे समान निघतील, तीच पहिली कामे म्हणून सुचवावीत. उतार करायचा असेल, पेटी हलवायची असेल, शाळेसमोर उंचवटा हवा असेल. या कामांना मोठा निधी लागत नाही.

मोजणी करताना एक गोष्ट आपोआप घडेल. आपल्याच घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा, आपल्याच सोसायटीचा पहारेकरी, आपल्याच शेजारच्या घरची नववीतली मुलगी, ही माणसे त्या यादीत सापडतील. ज्यांना आपण सायकलवाले म्हणून दुसरा पक्ष मानत होतो, त्यांची नावे आपल्याला माहीत असल्याचे ध्यानात येईल. वाटणीच्या तंट्यात दोन्ही भाऊ एकत्र बसून बांधावर खुणेचा दगड रोवतात, तेव्हा वकिलाची गरज संपते. आपल्या शहरांच्या रस्त्यांवर तो दगड रोवण्याचे काम कोणाला तरी आरंभावे लागेल. पुढच्या सोमवारी सकाळी सहा वाजता, आपल्या चौकात, वही आणि पेन्सिल घेऊन ते आरंभता येईल.